दक्षिणेचं आकाश ओळखायचं कसं? नवशिक्यांसाठी टप्प्याटप्प्याने

दक्षिणेच्या आकाशाबद्दल नवशिक्यांचा गोंधळ दोन कारणांनी होतो. पहिलं म्हणजे तिथे ध्रुवतारा नाही, त्यामुळे उभं कुठे राहायचं इथूनच प्रश्न सुरू होतात. दुसरं म्हणजे नकाशावर एकदम पन्नास नावं समोर येतात आणि कुठून सुरुवात करावी ते कोणी सांगत नाही. मी हे आकाश बऱ्याच उशिरा आणि बहुतेक एकट्याने शिकलो. त्यातून एक पद्धत हाताशी आली, ती इथे लिहितो. ओळखीच्या एका ताऱ्याचा हात धरायचा, त्याच्या आधाराने पुढच्या अनोळखी ताऱ्यापर्यंत जायचं, आणि एका रात्री दोन-तीनपेक्षा जास्त नव्या ओळखी करायच्या नाहीत. सगळे ८८ तारकासमूह पाठ करायची काहीही गरज नाही.

१. आधी आपला अक्षांश पाहा

बाकी काही करण्याआधी हे करा, नाहीतर जे तुमच्या क्षितिजावर कधी येतच नाही ते शोधत रात्री वाया जातील.

उत्तर गोलार्धात असाल तर ९० मधून आपला अक्षांश वजा करा. जी संख्या येईल तेवढ्या दक्षिण क्रांतीपर्यंतचेच तारे तुमच्याकडे उगवतात. क्रांती म्हणजे ताऱ्याचं खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर. उदाहरणार्थ, अगस्त्याची क्रांती दक्षिण ५२.७ अंश आहे. २० अंश उत्तर अक्षांशावरून तो क्षितिजापासून जास्तीत जास्त १७ अंश वर येतो. तेवढी उंची पुरेशी आहे, तो छान दिसतो.

हिशोबाने मर्यादा अशा येतात: अगस्त्य साधारण ३७ अंश उत्तरेपर्यंत, अग्रनद (इंग्रजीत ॲकर्नार) हा ठळक तारा ३३ अंशांपर्यंत, त्रिशंकूचा (सदर्न क्रॉस) पायाकडचा तारा २७ अंशांपर्यंत आणि मोठा मॅजेलन मेघ ही ढगासारखी दिसणारी दीर्घिका २० अंशांपर्यंत. पण हे कागदावरचं झालं. क्षितिजाला टेकलेल्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत जवळपास ४० पट जाड हवेतून येतो, त्यात धूळ आणि बाष्प असतंच. म्हणून प्रत्येक मर्यादेतून निदान ७-८ अंश कमी करा. मेघांसारख्या फिकट गोष्टींसाठी तर १० अंश. तेवढं करून जे उरतं ते तुमचं खरं आकाश.

दक्षिण गोलार्धात असाल तर सगळंच सोपं. खगोलीय दक्षिण ध्रुव क्षितिजापासून तुमच्या अक्षांशाइतक्याच अंशांवर असतो. ३५ अंश दक्षिणेला तो ३५ अंश वर, आणि त्याच्या आसपासचे तारे कधी मावळतच नाहीत. अख्खा त्रिशंकू साधारण ३४ अंश दक्षिणेच्या पलीकडे वर्षभर क्षितिजावर राहतो.

२. रात्र आणि जागा

चंद्र टाळा. कृष्ण अष्टमीपासून अमावास्येनंतर तीन-चार दिवसांपर्यंतच्या संध्याकाळी सगळ्यात चांगल्या. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावरच खरा अंधार होतो. खूप दक्षिणेला, म्हणजे ४९ अंशांच्या पलीकडे, डिसेंबरच्या शेवटी असा अंधार रात्रभर होतच नाही. तिकडे जून-जुलैच्या लांब रात्री निवडा.

जागेबाबत एकच आग्रह: दक्षिण क्षितिज मोकळं हवं. उत्तर गोलार्धातून पाहणाऱ्यांना तर याशिवाय गत्यंतर नाही. डोंगर, झाडी किंवा शहराचा उजेड उत्तरेला असला तर चालेल, पण दक्षिणेला समुद्र, पठार किंवा सपाट माळ हवा. दूर प्रवास करायची तयारी असेल तर न्यूझीलंडमधलं आओराकी मॅकेन्झी आणि नामिबियातलं नामिबरँड हे दोन्ही प्रदेश २०१२ मध्ये गडद आकाशाचे राखीव प्रदेश म्हणून मान्य झाले आहेत. राखीव क्षेत्रात रात्री थांबायचं असेल तर परवानगीचे नियम आधी विचारून घ्या.

३. सोबत काय न्याल

- तुमच्या अक्षांशासाठी बनवलेली ताराचकती, म्हणजे तारीख-वेळ जुळवून त्या वेळचं आकाश दाखवणारा फिरता नकाशा. उत्तर गोलार्धाची चकती दक्षिणेत निरुपयोगी असते. खरेदी करताना त्यावर छापलेला अक्षांश वाचा.
- लाल उजेडाचा टॉर्च. साध्या टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर लावले तरी काम होतं.
- बायनॉक्युलर, ७×५० किंवा १०×५०. पहिल्या महिन्यात नसले तरी चालेल.
- वही आणि पेन्सिल. थंडीत आणि दवात पेन चालत नाही.
- पाठ टेकता येईल अशी खुर्ची किंवा चटई, आणि वाटतं त्यापेक्षा एक थर जास्त कपडे.
- फोनवर स्टेलेरियमसारखं ॲप, पण घरून निघण्याआधी वापरण्यासाठी.

शेवटच्या मुद्द्यावर मी ठाम आहे. आकाशाखाली उभं राहून फोन वर धरला की नजर पडद्यावर राहते आणि ताऱ्याची ओळख होत नाही. शिवाय फोनची दिशा त्यातल्या चुंबकसूचीवर चालते. गाडीजवळ ती बिघडते आणि काही ठिकाणी चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून बरंच सरकलेलं असतं. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाकडे हा फरक २० अंशांहून जास्त आहे. संध्याकाळी घरी ॲपवर आजचं आकाश पाहा, तीन तारे मनात पक्के करा, मग फोन खिशात ठेवा.

दुर्बीण यादीत नाही ते मुद्दाम. आकाश ओळखू येत नसताना घेतलेली दुर्बीण कोपऱ्यात पडून राहते.

४. डोळ्यांना वेळ द्या

अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. एकदा पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं की ती मेहनत पुन्हा पहिल्यापासून. फिकट वस्तूकडे थेट न बघता तिच्या किंचित बाजूला नजर ठेवा. डोळ्याचा कडेचा भाग मंद प्रकाश जास्त टिपतो. मेघ आणि गुच्छ पाहताना ही तिरपी नजर फार उपयोगी पडते.

अंतर मोजायला हात लांब करा. करंगळीची रुंदी साधारण १ अंश, बंद मूठ १० अंश, अंगठा आणि करंगळी ताणलेली वीत सुमारे २० अंश. पुढे अंतरं मी याच मापाने सांगणार आहे.

५. मृगापासून निघा

पहिली पायरी ओळखीचीच असावी. मृग नक्षत्र खगोलीय विषुववृत्तावर असल्यामुळे जगात जवळजवळ सगळीकडून दिसतं. डिसेंबर ते मार्च संध्याकाळी ते शोधा.

दक्षिण गोलार्धात पहिला धक्का इथेच बसतो: मृग उलटा असतो. तिथे तो उत्तर आकाशात दिसतो आणि १८० अंशांनी फिरलेला. लालसर काक्षी खाली उजवीकडे, निळसर-पांढरा राजन्य वर डावीकडे. सूर्य आणि चंद्रही उत्तरेकडून जातात, आणि उत्तरेला तोंड केलं की तारे उजवीकडून डावीकडे सरकतात. नकाशा चुकला असं वाटायला लागतं, पण नकाशा बरोबर असतो. दोन-तीन रात्रींत मेंदू हे स्वीकारतो, घाई करू नका.

मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण ज्या रेषेत आहे ती पूर्वेकडे वाढवली की व्याध लागतो. हा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, ८.६ प्रकाशवर्षांवर. व्याधापासून साडेतीन मुठी, म्हणजे ३६ अंश, थेट दक्षिणेकडे गेलात की दुसरा सर्वांत तेजस्वी तारा, अगस्त्य. दक्षिण गोलार्धात तो फेब्रुवारीच्या संध्याकाळी जवळपास डोक्यावर येतो. उत्तरेतल्या उष्ण कटिबंधातून दक्षिण क्षितिजावर पांढरा, एकटा दिसतो.

आता थोडं थांबून विचार करा. व्याध जवळ आहे म्हणून तेजस्वी. अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर, म्हणजे व्याधाच्या पस्तीसपट दूर, आणि तरीही फक्त थोडाच कमी. त्याचं खरं तेज सूर्याच्या दहा हजार पटीच्या आसपास आहे. दक्षिण आकाश शिकायला हरकत नाही असं मला पहिल्यांदा वाटलं ते या एका तुलनेमुळे.

६. त्रिशंकू, आणि फसवा त्रिशंकू

सगळ्यांना आधी त्रिशंकूच पाहायचा असतो, आणि सगळ्यात जास्त चूक तिथेच होते.

खरा त्रिशंकू लहान आहे, अपेक्षेपेक्षा फारच लहान. ८८ तारकासमूहांत त्याचं क्षेत्रफळ सर्वांत कमी. लांबीला जेमतेम ६ अंश, तुमच्या तीन मधल्या बोटांत मावेल एवढा. चार ठळक तारे पतंगाच्या आकारात आणि एका बाजूला सरकलेला पाचवा मंद तारा. लांब दांडीच्या उत्तर टोकाचा तारा नारिंगी आहे, बाकीचे तिन्ही ठळक तारे निळसर. हा रंग बायनॉक्युलरमधून अगदी स्पष्ट दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या ध्वजावर पाचही तारे आहेत, न्यूझीलंडच्या ध्वजावर चारच.

फसवा त्रिशंकू नौकातल (कॅरिना) हा तारकासमूह आणि त्याच्या शेजारच्या समूहातले दोन-दोन तारे मिळून बनतो. तो मोठा आहे, किंचित मंद आहे आणि त्यात पाचवा तारा नाही. गडबड अशी की तो खऱ्यापेक्षा तीन-चार तास आधी उगवतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी खरा त्रिशंकू अजून क्षितिजाशी असतो, किंवा उगवलेलाच नसतो, आणि हा मस्त वर चढलेला असतो. नवखा माणूस त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तिथून पुढचा सगळा हिशोब चुकतो.

खात्री करायची एकच कसोटी लक्षात ठेवा: खऱ्या त्रिशंकूजवळ दोन राखणदार असतात. नरतुरंग (सेंटॉरस) या तारकासमूहाचे मित्र आणि मित्रक, दोघेही झगझगीत, एकमेकांपासून चार-साडेचार अंशांवर. मित्राकडून मित्रकाकडे रेघ ओढून पुढे न्या, ती त्रिशंकूच्या माथ्याजवळ पोचते. राखणदार दिसत नसतील तर घाई न करता ते उगवेपर्यंत थांबा.

हा मित्र म्हणजे साध्या डोळ्यांना दिसणारा सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, ४.३७ प्रकाशवर्षांवर. खरं तर ते दोन तारे आहेत, सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फिरणारे; छोट्या दुर्बिणीतून वेगळे दिसतात. तिसरा मंद सोबती प्रॉक्झिमा रॉबर्ट इनेस यांनी १९१५ मध्ये जोहान्सबर्गच्या वेधशाळेतून शोधला. तो ४.२४ प्रकाशवर्षांवर असून साध्या डोळ्यांना दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या शतकात टॉलेमी या खगोलज्ञाला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातून हे तारे दिसत होते आणि त्याने ते नरतुरंगाच्या पायांत धरले होते. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे, म्हणजे भोवऱ्यासारख्या संथ डोलण्यामुळे, ते नंतर त्या अक्षांशांवरून क्षितिजाखाली गेले. आपल्या कथेतला उलटा टांगलेला त्रिशंकू राजा दक्षिणेलाच का लटकतो, हे क्षितिजाशी जेमतेम उचललेले हे चार तारे पाहिले की मनाला पटतं.

७. दक्षिण दिशा काढा

ध्रुवतारा नाही म्हणून काम अडत नाही. सिग्मा ऑक्टँटिस नावाचा एक तारा ध्रुवापासून साधारण १ अंशावर आहे, पण त्याची प्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ५.४, म्हणजे शहरातून दिसणार नाही. त्याला शोधत बसू नका. त्याऐवजी:

पहिली रीत. त्रिशंकूची लांब दांडी पायाच्या बाजूने साडेचार पट वाढवा. जिथे पोचाल तो खगोलीय दक्षिण ध्रुव. तिथून सरळ खाली क्षितिजावर या, ती दक्षिण दिशा.

दुसरी रीत. मित्र-मित्रकाला जोडणाऱ्या रेषेचा मध्य घ्या, तिथून काटकोनात रेघ काढा. ती आणि त्रिशंकूची वाढवलेली दांडी जिथे मिळतात तिथे ध्रुव.

तिसरी रीत, त्रिशंकू खाली असताना. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी तो क्षितिजाशी असतो, पण तेव्हा अग्रनद उंच असतो. अग्रनद आणि त्रिशंकू ध्रुवाच्या जवळपास विरुद्ध बाजूंना आहेत, म्हणून दोघांच्या साधारण मध्यावर ध्रुव येतो.

तिन्ही रीती दोन-तीन अंशांपर्यंत बरोबर निघतात, वाट शोधायला तेवढं पुरे. ध्रुव एकदा सापडला की तासाभराने पुन्हा पाहा: दक्षिणेला तोंड करून तारे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरताना दिसतील. उत्तर गोलार्धातून ध्रुव क्षितिजाखाली असतो, तिथे या रीती दिशेसाठी वापरता येतात, पण त्रिशंकू अगदी उभा, म्हणजे मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असतानाच सोपं पडतं.

८. नौकातल: इथे रात्र घालवा

एकाच संध्याकाळी काय पाहावं असं कोणी विचारलं तर मी फसव्या आणि खऱ्या त्रिशंकूच्या मधला आकाशगंगेचा पट्टा सांगतो. मार्च ते जून हा काळ उत्तम.

या पट्ट्यात साध्या डोळ्यांना एक फिकट डाग दिसतो. तो नौकातल तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकणारा ढग, प्रसिद्ध मृग तेजोमेघाच्या सुमारे चौपट आकाराचा, सुमारे ७,५०० प्रकाशवर्षांवर. बायनॉक्युलरमधून त्याला छेद देणारे काळे पट्टे दिसायला लागतात. याच मेघात ईटा कॅरिनी आहे. १८४३ मध्ये हा तारा एवढा उजळला की काही काळ तो व्याधाखालोखाल आकाशातला दुसरा तेजस्वी तारा होता. मग तो मंदावला, साध्या डोळ्यांना दिसेनासा झाला, आणि आता पुन्हा दिसण्याइतपत आहे. ज्या ताऱ्याचा स्फोट कधीतरी होणारच आहे तो आपल्या डोळ्यांनी पाहता येतो, हे मला अजूनही साधं वाटत नाही.

तेजोमेघाच्या दक्षिणेला ४-५ अंशांवर एक मोकळा, चमकदार गुच्छ आहे, त्याला दक्षिणेची कृत्तिका म्हणतात. हाही साध्या डोळ्यांना दिसतो.

तिथून आकाशगंगेतून त्रिशंकूपर्यंत या. त्रिशंकूच्या कुशीत एक काळीभोर पोकळी दिसेल, कोळशाचं पोतं. ती पोकळी नाही, सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरचा धुळीचा ढग मागचा उजेड अडवतो आहे. तिच्या काठावर, त्रिशंकूच्या मित्रकाकडल्या ताऱ्याशेजारी, रत्नपेटी नावाचा छोटा गुच्छ आहे. साध्या डोळ्यांना तो एक धूसर तारा वाटतो. छोट्या दुर्बिणीतून निळ्या ताऱ्यांच्या मध्ये एक लाल तारा बसलेला दिसतो. इंग्रज खगोलज्ञ जॉन हर्शेल १८३४ ते १८३८ दक्षिण आफ्रिकेच्या केपमध्ये राहून दक्षिण आकाशाचा अभ्यास करत होते; या गुच्छाच्या रंगांचं त्यांनी केलेलं कौतुक प्रसिद्ध आहे.

आणि आता ओमेगा सेंटॉरी. मित्रकापासून उत्तरेकडे सात-आठ अंशांवर नरतुरंगाचा आणखी एक ठळक तारा आहे, एप्सिलॉन. तीच रेघ जवळपास तेवढीच पुढे न्या. धूसर, गोल तारा दिसेल. तो तारा नाही, सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवरचा, कोटीच्या आसपास ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे. हॅलीने १६७७ मध्ये तो नोंदवला. क्रांती फक्त दक्षिण ४७.५ अंश असल्याने हा उत्तरेतल्या वाचकांनाही मिळतो. २० अंश उत्तरेवरून २२ अंश वर येतो, मे अखेरीस रात्री नऊच्या सुमारास.

९. दोन मेघ

यांच्यासाठी दक्षिणेकडे जावंच लागतं. व्याधापासून अगस्त्यापर्यंतची रेघ त्याच दिशेने आणखी निम्मी पुढे न्या, मोठा मॅजेलन मेघ सापडेल. छोटा मेघ अग्रनदापासून ध्रुवाच्या बाजूला दीड मुठीवर.

पहिल्यांदा पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते खरेच ढग वाटतात. शंका असेल तर अर्ध्या तासाने पाहा: ढग विरतील किंवा वाऱ्याबरोबर जातील, हे ताऱ्यांबरोबर फिरतील. या आपल्या आकाशगंगेच्या सोबतच्या वेगळ्या दीर्घिका आहेत, मोठा सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षांवर, छोटा सुमारे २,००,००० प्रकाशवर्षांवर. १९८७ च्या फेब्रुवारीत मोठ्या मेघात तारा फुटला तेव्हा तो साध्या डोळ्यांना दिसला होता. छोट्या मेघातल्या बदलत्या ताऱ्यांवरून हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये तेज आणि आवर्तकाल यांचा जो संबंध मांडला, त्यावर विश्वातली अंतरं मोजण्याची पुढची शिडी उभी राहिली. त्या मेघाकडे पाहताना हे नाव आठवावं.

छोट्या मेघाच्या अगदी शेजारी दिसणारा धूसर ठिपका ४७ टुकाना, ओमेगा सेंटॉरीनंतरचा सर्वांत तेजस्वी गोलाकार गुच्छ. तो मेघाचा भाग नाही, खूप अलीकडे आहे.

१०. वृश्चिक, धनु आणि अंधाराचे आकार

अनुराधा, ज्येष्ठा, मूळ, मग दोन्ही आषाढा. ही नावं तुमच्या कानावरून गेलेलीच आहेत, आता ती क्रमाने आकाशात लावा. जून ते ऑगस्ट. ज्येष्ठा लाल, तिच्या पुढे नांगीचा वळसा, टोकाला दोन तारे जवळजवळ, ते मूळ. मुळाशेजारी साध्या डोळ्यांना दोन गुच्छ दिसतात. धनूच्या मुख्य ताऱ्यांचा आकार किटलीसारखा, दक्षिण गोलार्धात ती उलटी. किटलीच्या तोटीपाशी आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे, सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर. ३० अंश दक्षिणेवरून ते थेट डोक्यावर येतं.

अशा रात्री तारे सोडून मधल्या काळ्या पट्ट्यांकडे पाहा. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांनी त्यांत एमू पाहिला: कोळशाचं पोतं त्याचं डोकं, मान मित्र-मित्रकाजवळून, धड वृश्चिकाकडे. अँडीजमधल्या इंका लोकांनी याच अंधारात लामा हा प्राणी पाहिला, मित्र आणि मित्रक हे त्याचे डोळे. ताऱ्यांना ताऱ्यांनी जोडायची सवय असलेल्या आपल्याला हे शिकायला वेळ लागतो. एकदा एमू दिसला की मात्र तो दर वेळी दिसतो.

११. कोणते समूह सोडून द्यावेत

मयूर, बक, कारंडव, जटायू ही पक्ष्यांची नावं १५९५ मध्ये निघालेल्या डच सफरीतल्या कायझर आणि दे हौटमन यांच्या नोंदींतून आली आणि १६०३ मध्ये योहान बायर याच्या तारानकाशांत स्थिरावली. यांतला बक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खरोखर ओळखू येतो, दक्षिण मत्स्यातल्या एकट्या तेजस्वी फोमलहॉटजवळ. बाकीच्यांसाठी सवड ठेवा.

लाकाय या फ्रेंच खगोलज्ञाने १७५१-५२ मध्ये केपमधून सुमारे १०,००० ताऱ्यांच्या जागा मोजल्या आणि १४ नवे समूह आखले, बहुतेक यंत्रांच्या नावाचे: दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, घड्याळ, हवेचा पंप. मापनाचं काम थोर आहे, पण या समूहांत आकार शोधू नका. बहुतेक तारे इतके मंद आहेत की चांगल्या आकाशातही हाताला काही लागत नाही. नौका नावाचा जुना प्रचंड तारकासमूहही त्याच्यामुळेच तुकड्यांत वाटला गेला. नौकातल हा त्यातला एक तुकडा. आज मान्य असलेली ८८ समूहांची यादी १९२२ मध्ये ठरली.

१२. रात्री नऊचं वेळापत्रक

तारे रोज सुमारे ४ मिनिटं आधी उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. एखादा तारा आज मध्यरात्री दिसला तर महिन्याने दहाला त्याच जागी. सर्वांत उंच येण्याचा काळ, रात्री नऊच्या सुमारास:

- अग्रनद: नोव्हेंबर अखेर, डिसेंबरची सुरुवात
- अगस्त्य: फेब्रुवारी मध्य
- त्रिशंकू: मे मध्य
- ओमेगा सेंटॉरी: मे अखेर
- मित्र: जून मध्य
- ज्येष्ठा: जुलै मध्य
- फोमलहॉट: ऑक्टोबर उत्तरार्ध

उत्तर गोलार्धातल्यांनी या तारखांच्या आगेमागे दोन आठवड्यांतच प्रयत्न करावा. दक्षिणेचे तारे तिथे आकाशात थोडेच तास टिकतात.

१३. नेहमीचे सापळे

नकाशावर नसलेला ठळक, न लुकलुकणारा तारा बहुधा ग्रह असतो. ग्रह राशींच्या पट्ट्यातच फिरतात, त्यामुळे वृश्चिक आणि धनूत ते सहज भेटतात, त्रिशंकूत किंवा नौकातलात कधीच नाहीत. तिथे काही जास्तीचं दिसलं तर ते विमान किंवा उपग्रह.

क्षितिजाशी अगस्त्य किंवा मित्र लाल-हिरवे लुकलुकत असतील तर काही बिघडलेलं नाही, तो हवेचा खेळ आहे. थोडा वर येऊ द्या.

फोटोंतले गुलाबी-जांभळे मेघ डोळ्यांना तसे दिसत नाहीत. मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाही. तेजोमेघ करडाच दिसणार.

१४. वहीत काय लिहाल

तारीख, वेळ, जागा, चंद्र होता की नाही, सर्वांत मंद कोणता तारा दिसला, आणि एक साधं चित्र. चित्र वाईट असलं तरी काढाच. त्रिशंकूचा पाचवा तारा कोणत्या बाजूला आहे हे कागदावर ठेवताना जेवढं पक्कं होतं तेवढं नुसतं पाहून होत नाही.

अगस्त्य, त्रिशंकू, मित्र, अग्रनद आणि ज्येष्ठा ही पाच ठिकाणं नकाशा न बघता दाखवता यायला लागली की बायनॉक्युलरने नौकातलपासून धनूपर्यंत आकाशगंगा सावकाश चाळा. छोट्या दुर्बिणीचा विचार त्यानंतर करा, आणि तिचा पहिला रोख मित्राच्या जोडताऱ्याकडे ठेवा.